परदेशात वन्यजीव संवर्धनासाठी स्वयंसेवक म्हणून जायचंय? खानदेशातून निघण्याआधीची तयारी

जाहिरातीत सिंहाचा छावा मांडीवर घेऊन बसलेली मुलगी दिसते. चांगल्या प्रकल्पावरचा दिवस तसा नसतो. पहाटे उठून ठरलेल्या वाटेवर चालायचं, ठसे आणि विष्ठा शोधून नोंदवायच्या, कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, जुन्या कुंपणाची तार गुंडाळायची आणि दुपारी पंख्याखाली बसून हजारो फोटो एकेक करून तपासायचे. प्राणी दिसला तर लांबून आणि थोडाच वेळ दिसतो. हे वाचूनही जावंसं वाटत असेल तर तयारीला लागा. पहिल्यांदा जाणाऱ्याने आठ-दहा महिने हाताशी ठेवावेत. त्यातला बराच वेळ कागदपत्रांत आणि सरावात जातो.

पायरी १ : सराव आपल्याच शिवारात

कुठलीही बरी संस्था अर्जात विचारते की याआधी मैदानी काम काय केलंय. त्याचं उत्तर जळगाव, धुळे, नंदुरबारमध्येच तयार होतं. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यात स्थानिक पक्षीमित्रांसोबत उभं राहा. दुर्बिणीतून शंभर-दोनशे बदकांच्या थव्याचा अंदाज घ्यायला शिकणं हे खरं कौशल्य आहे, आणि ते पुस्तकातून येत नाही. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची नोंद करतं. यावल अभयारण्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच चौकशी करून ठेवा. रात्रभर न बोलता, न झोपता बसता येतं का, हे तिथे कळतं. नामिबियातही पौर्णिमेला पाणवठ्यांवर अशाच गणना होतात, त्यामुळे हा अनुभव अर्जात थेट उपयोगी पडतो.

जंगल राखायचं म्हणजे गावाने काय काय ठरवावं लागतं, हे पाहायचं असेल तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहून या. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने राखलेलं ते जंगल आहे. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. परदेशातल्या बहुतेक प्रकल्पांची अर्धी लढाई गावकऱ्यांना सोबत घेण्याचीच असते. चराई कुठे बंद, लाकूड कोणी तोडायचं, दंड कोणी वसूल करायचा, हे प्रश्न तिथेही तेच असतात.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वाढलेल्यांनी एक गोष्ट अर्जात आवर्जून लिहावी: ठिबकची लॅटरल जोडता येते, चोक झालेला ड्रिपर साफ करता येतो, फिल्टर धुता येतो. वनीकरणाच्या रोपवाटिकेत असा माणूस पहिल्या दिवसापासून कामाचा असतो. कलम बांधणं, मोटार दुरुस्त करणं, गुरं हाताळणं, ट्रॅक्टर चालवणं हेही लिहा. आपल्याकडची मुलं ही कामं ‘घरची’ म्हणून वगळतात आणि त्याऐवजी प्राण्यांवर किती प्रेम आहे ते दोन पानं लिहितात. निवड करणाऱ्याला पहिल्या यादीत जास्त रस असतो.

पायरी २ : प्रकल्प निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पहिली कसोटी सोपी आहे: स्वयंसेवकाला वन्यप्राण्याला हात लावायला, कुरवाळायला, बाटलीने दूध पाजायला, सोबत फोटो काढायला मिळतो का? ‘हो’ असेल तर तिथे जाऊ नका. कारणं प्राण्यागणिक वेगळी आहेत, ती समजून घ्या.

दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे छावे जन्मल्यावर लगेच आईपासून तोडतात. माणसाच्या हातात वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. मोठा झाला की तो पिंजऱ्यातल्या पैदाशीला, कुंपणात कोंडून केलेल्या शिकारीला किंवा हाडांच्या व्यापाराला जातो. ‘अनाथ छावे’ वर्षभर कसे काय मिळत राहतात, हा प्रश्न तिथे विचारला की खुलासा होतो. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनेच सिंहांची ही बंदिस्त पैदास थांबवण्याचं धोरण जाहीर केलं.

माकडं आणि वानरांच्या बाबतीत उलट धोका असतो, आपल्यापासून त्यांना. साधी सर्दीसुद्धा गोरिला किंवा ओरांगउटानच्या कळपात जीवघेणी ठरू शकते. म्हणून चांगली केंद्रं स्वयंसेवकाकडून क्षयरोगाची तपासणी आणि लसीकरणाचे कागद मागतात, मास्क आणि अंतर सक्तीचं करतात, आणि काम देतात ते खाद्य तयार करण्याचं, पिंजरे दुरुस्त करण्याचं, रोपं लावण्याचं. एवढे कागद मागतात म्हणून वैतागू नका. न मागणारं केंद्रच संशयास्पद.

हत्तींच्या ठिकाणी सवारी, खेळ आणि पर्यटकांसोबत अंघोळ चालते का ते बघा. कासवांच्या ‘हॅचरी’त पिल्लं टाक्यांत ठेवून पर्यटकांना दाखवत असतील तर ते संवर्धन नव्हे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाकडे पहिल्या दिवसापुरती जोरात पोहण्याची ताकद असते. ती किनाऱ्यापासून लांब जाण्यासाठी असते, आणि टाकीच्या भिंतींवर आपटण्यात ती संपून जाते.

अभयारण्य किंवा पुनर्वसन केंद्र असेल तर ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज या संस्थेची मान्यता आहे का, हे तिच्या यादीत पाहता येतं. मान्यता नाही म्हणजे केंद्र वाईटच असं नाही, लहान केंद्रांना ती प्रक्रिया परवडत नाही. पण असेल तर एक मोठी शंका मिटते.

मग संस्थेला ईमेल करून हे विचारा: गेल्या वर्षी किती प्राणी जंगलात परत सोडले? प्राण्यांची पैदास करता का, आणि कशासाठी? जमवलेली माहिती कोण वापरतं, कुठल्या सरकारी खात्याला किंवा विद्यापीठाला जाते? माझ्या शुल्कातला किती भाग जेवण-राहण्याला, किती प्रकल्पाला, किती मध्यस्थाला? माझं काम स्थानिक माणसाला पगार देऊन करून घेता आलं असतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक संस्था टाळत नाही. आठवडाभरात नेमकं उत्तर आलं तर पुढे बोला. उत्तराऐवजी सवलतीची ऑफर आली तर तिथेच थांबा.

शुल्क घेतात म्हणजे फसवणूक, हा समजही चुकीचा आहे. अर्थवॉच ही १९७१ पासूनची संस्था स्वयंसेवकांच्या पैशावरच शास्त्रज्ञांचं मैदानी काम चालवते. जंगलात तुमचं जेवण, गाडीचं डिझेल, मार्गदर्शकाचा पगार कुठून तरी यावाच लागतो. मात्र पैसे संस्थेच्याच खात्यात भरा, कुणाच्या वैयक्तिक खात्यात नको. ‘आधी स्वयंसेवक म्हणून जा, तिथे गेल्यावर नोकरी लावून देतो’ असं सांगणाऱ्या एजंटला तर दारातूनच परत पाठवा. यात माणसं परक्या देशात बेकायदा ठरून अडकतात.

पायरी ३ : पहिला देश कोणता?

आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा नेपाळ. भारतीयांना व्हिसा लागत नाही. भुसावळ-जळगावहून गोरखपूरची थेट रेल्वे आहे, तिथून सोनौलीची सीमा गाठता येते आणि पुढे चितवन राष्ट्रीय उद्यान. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र सोबत ठेवा, फक्त आधार कार्डावर विसंबू नका. जेवण डाळ-भाताचं, हिंदी बऱ्याच जणांना समजते, आणि काम पहिल्या दर्जाचं. नेपाळमध्ये २००९ साली १२१ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ३५५ झाले. २०२१ मध्ये एकशिंगी गेंडे ७५२ मोजले गेले. चितवनमध्ये कसऱ्याला घडियाल प्रजनन केंद्र आहे, आणि जवळच नवलपूरमध्ये गिधाडांसाठी डायक्लोफिनॅकमुक्त (गुरांना देतात ते हे वेदनाशामक गिधाडांना मारक ठरतं) मृत गुरांचं ‘जटायू रेस्टॉरंट’ गावकरी चालवतात. उद्यानाच्या आत संशोधनाचं काम असेल तर संस्थेकडे राष्ट्रीय उद्यान विभागाची परवानगी आहे का, ते विचारा. ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं तर संस्था बदला.

नेपाळनंतर आवडीप्रमाणे. चित्ते आणि पशुपालकांचा संघर्ष समजून घ्यायचा तर नामिबिया. तिथला चीता कॉन्झर्वेशन फंड १९९० पासून काम करतोय, आणि १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत आलेले पहिले आठ चित्ते नामिबियातलेच. शेतकऱ्यांना राखणीचे कुत्रे देऊन त्यांनी चित्त्यांचा बळी कसा कमी केला, हे गिरणा पट्ट्यातल्या बिबट्याच्या प्रश्नाकडे पाहताना उपयोगी पडेल. कासवांसाठी कोस्टारिकातलं तोर्तुगेरो. पण कासवांचं काम जमतंय का हे आधी कोकणात वेळासला जाऊन पाहा, मग सात समुद्र ओलांडा.

हंगामाचं गणित नीट करा. आपली मे-जूनची सुट्टी म्हणजे नामिबियात हिवाळा. दिवसा कोवळं ऊन आणि रात्री शून्याच्या जवळ. तोर्तुगेरोत हिरवी कासवं अंडी घालायला मुख्यतः जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात, मे महिन्यात गेलात तर ती क्वचितच दिसतील.

पायरी ४ : कागदपत्रं

पासपोर्टवरच्या नावाचा घोळ आपल्याकडे फार होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टच्या अर्जात आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात जातं. तिकीट, विमा, लसीचं कार्ड आणि संस्थेचं निमंत्रणपत्र, सगळ्यांवर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी हे आधी निस्तरावं. साधा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपयांत मिळतो. अर्जासोबत दहावी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र जोडाच. ते नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा (कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते, असा) शेरा येतो, आणि थायलंड, मलेशिया, इंडोनेशियासारख्या देशांत कामासाठी जाताना इमिग्रेशनवर प्रश्न विचारले जातात. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच मागवता येतं, त्याची फी ५०० रुपये. ज्या प्रकल्पांत शाळकरी मुलांशी संबंध येतो तिथे ते हमखास मागतात.

व्हिसाबद्दल एकच आग्रह: पर्यटक व्हिसावर ‘चालतं हो, सगळे तसंच येतात’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. अनेक देशांत बिनपगारी कामसुद्धा काम धरलं जातं. संस्थेकडून कोणता व्हिसा लागतो ते लेखी घ्या आणि त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. विमानतळावर खोटं बोललेलं पकडलं गेलं तर परत पाठवतात, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ते लिहावं लागतं.

साध्या प्रवासी विम्यात अंगमेहनतीचं काम बऱ्याचदा वगळलेलं असतं. पॉलिसी घेताना ‘स्वयंसेवक म्हणून शारीरिक काम’ आणि ‘दुर्गम भागातून हेलिकॉप्टरने किंवा विमानाने रुग्ण हलवणं’ हे दोन मुद्दे लिहून घ्या. मधुमेह, रक्तदाब असेल तर लपवू नका. दावा नाकारायला तेवढंच निमित्त पुरतं.

पायरी ५ : लसी

केनिया, युगांडा, ब्राझील, पेरू अशा पीतज्वराच्या देशांत जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, खानदेशातल्या बहुतेकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते. कुपी उघडली की तिच्यातले सगळे डोस लवकर संपवावे लागतात, म्हणून केंद्रं ठरावीक वारी आणि नोंदणी करूनच लस देतात. पासपोर्ट सोबत न्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतातच विमानतळावरून विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

वटवाघळं, माकडं, कुत्रे यांच्याजवळ काम असेल तर रेबीजची आधीच घ्यायची लस घ्या. ती घेतलेली असली तरी चावा बसल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुणं आणि पुढचे डोस घेणं चुकत नाही. धनुर्वात, विषमज्वर, कावीळ अ या लसी आणि हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या कुठल्या देशासाठी काय, हे निघण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांसोबत बसून ठरवा.

पायरी ६ : बॅग

८×४२ ची दुर्बीण, मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, आधी महिनाभर वापरून मऊ केलेले बूट, लाल प्रकाशाची सोय असलेली डोक्याची बॅटरी, पाण्याने खराब न होणारी वही आणि पेन्सिल. पेनची शाई पावसात पसरते. नेपाळच्या तराईत किंवा बोर्निओत पावसाळ्यात जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे लागतात.

केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, शिक्षा दंडाची आणि कैदेचीही. बूट-चपला गुंडाळायला आपण वापरतो त्या पिशव्याही काढून कापडी घ्या. न्यूझीलंडला जाताना बुटांच्या तळव्यातली माती टोकदार काडीने काढून, ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून न्या आणि तिथे उतरताना भरायच्या अर्जात ‘बूट आहेत’ म्हणून जाहीर करा. तिथे मातीतून पसरणाऱ्या रोगाने कौरीची झाडं मरतायत. घरून दिलेली शेंगदाण्याची चटणी, लोणचं, कळण्याचं पीठ हेही जाहीर करा. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मेथीदाणे, कोथिंबिरीचं बी असलं काही नेऊच नका.

उन्हाची सवय आहे म्हणून बेफिकीर राहू नका. जळगावचा मे कोरडा असतो, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. बोर्निओच्या किंवा तोर्तुगेरोच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि ३२ अंशांतही माणूस कोसळतो. पहिले चार दिवस काम निम्म्यावर ठेवा, ओआरएस खिशात ठेवा.

पायरी ७ : तिथलं काम, आणि ते कुठे बिघडतं

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावणं दिसतं सोपं. बिबट्या-वाघासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे ४० ते ५० सेंटिमीटरवर, वाटेपासून तीन-चार मीटर लांब बांधतात. पट्टे आणि ठिपके दोन्ही कुशींवर वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो. मात्र अगदी समोरासमोर नको, एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो जळतो. तोंड पूर्व-पश्चिमेला ठेवलं तर उगवत्या-मावळत्या सूर्याने सेन्सर फसतो. समोरचं गवत आणि लोंबती फांदी कापली नाही तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेला फोटो निघतो आणि दोन दिवसांत कार्ड भरतं. बारीक रोपट्याला बांधला तर तेही हलतं. बांधून झाल्यावर स्वतः ओणवं होऊन समोरून चाला आणि लाल दिवा लागतो का ते बघा. सगळ्यात महागडी चूक म्हणजे तारीख-वेळ. २४ तासांचं घड्याळ न लावल्यामुळे सकाळ-संध्याकाळ उलटी झाली तर महिनाभराची नोंद निरुपयोगी होते.

कासवांच्या गस्तीत भरतीच्या रेषेवरून अंधारात चालायचं, मोबाईल बंद. मादी अंडी घालायला लागण्याआधी जवळ गेलात किंवा बॅटरी मारलीत तर ती तशीच समुद्रात परत जाते. अंडी पडायला लागली की मगच मोजमाप. हिरव्या कासवाच्या एका घरट्यात साधारण ११० अंडी असतात. घरटं हलवायचं असेल तर पहिल्या काही तासांतच, आणि अंडं फिरवायचं नाही. आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, उलटं झालं तर मरतो. हातांना डासांचं मलम लावून अंडी उचलू नका. हॅचरीत वाळूचं तापमान रोज का मोजतात, हेही ठाऊक असू द्या: साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त निपजतात, खाली नर.

आता नोंदपत्रक. चुकीची नोंद किती लांबवर नुकसान करते, याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. रानपिंगळा हे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला कळलं आणि १८८४ नंतर शतकभर कुणाला दिसलं नाही. रिचर्ड माइनर्टझहागेन या संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचा दावा केलेला एक नमुना संग्रहालयात होता. शोधणारे तो खरा मानत राहिले. पामेला रासमुसेन यांनी तपासल्यावर कळलं की तो नमुना चोरलेला होता, जेम्स डेव्हिडसनने आधीच्या शतकात जमवलेला, आणि चिठ्ठी खोटी होती. मग खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धरून शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. ते लबाडीचं प्रकरण होतं. पण घाईने टाकलेली चुकीची जागाही पुढच्या माणसाची अशीच दिशाभूल करते.

म्हणून सवयी ठेवा: प्राणी दिसला त्याच क्षणी लिहायचं, तंबूत परतल्यावर आठवून नाही. जीपीएसचे आकडे दशांशात की अंश-मिनिटांत, हे पहिल्याच दिवशी विचारायचं. ओळख पक्की नसेल तर ‘अनिश्चित’ लिहायचं, कुणी हसणार नाही. ठरलेल्या वाटेवर काहीच दिसलं नाही तर तो फेरा रिकामा न सोडता ‘शून्य’ लिहायचं. शून्य नोंदवलं नाही तर प्राणी किती कमी झालेत ते कधीच कळत नाही. आणि गेंडा, खवल्या मांजर किंवा शिकारीचा धोका असलेल्या कुठल्याही प्राण्याचा फोटो जागेच्या माहितीसह समाजमाध्यमांवर टाकायचा नाही. शिकारीही तो पाहतात.

पायरी ८ : परतताना

पीस, शंख, प्रवाळ, दात, हाड, बिया यातलं काहीही बॅगेत घालू नका, किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी. आंतरराष्ट्रीय करार आणि आपला १९७२ चा वन्यजीव कायदा यांतल्या कशात ते अडकेल सांगता येत नाही. तिथे कुणी भेट म्हणून सॅटेलाइट फोन दिला किंवा स्वस्तात मिळाला तरी आणू नका, भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. निघण्यापूर्वी आपल्या नोंदी, कार्डं आणि पासवर्ड पुढच्या माणसाकडे सोपवून त्याच्यासमोर एक पत्रक उघडून दाखवा.

घरी आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून दोन दिवस काढू नका. डॉक्टरांना सगळ्यात आधी कुठल्या देशातून कधी आलात ते सांगा आणि हिवतापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. आफ्रिकेतला फॅल्सिपॅरम हिवताप एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो, आणि प्रतिबंधक गोळ्या खाल्ल्या होत्या म्हणून तो होणारच नाही असं नसतं. गोळ्यांचा कोर्सही परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत पूर्ण करा, भारतात पोचलो म्हणून मध्येच सोडू नका.